उमेदवारी आरोग्यसेवेची

विद्यार्थी मित्रहो, आरोग्यसेवा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांचा स्टेथस्कोप येतो. पण जुलाबाने बाळ दगावते ते बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजले, तर बहुतेक बाळे वाचतात. साखरेतील ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून आत शिरताना मिठातील सोडियमला बरोबर नेते. त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते.

हे ज्ञान घरोघरी कोण पोचवणार? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेड येथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यासाठी त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. जामखेडला येऊन त्या थोडेथोडे शिकत, गावी जाऊन करून पाहत आणि अडलेले पुन्हा विचारत. प्रकल्पाच्या गावांत 1971 साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 बाळे वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत हे प्रमाण पाव हिश्श्याहूनही खाली आले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे आरोग्यसेवा ही प्रत्यक्ष उमेदवारीनेच येते. पण ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, त्याने फुकट उमेदवारी कशी करावी? हुशारी असूनही तो मागे राहतो. नेमका तोच गावाची दुखणी जवळून जाणतो! म्हणून विद्यावेतन हे उपकार नव्हे. योग्य माणूस कामावर यावा याची ती तजवीज आहे. एम.बी.बी.एस.नंतरच्या वर्षभराच्या आंतरवासितेत विद्यावेतन मिळते, आणि त्यातील काही आठवडे सामुदायिक आरोग्यासाठी राखलेले असतात. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजनाही आहे. विहिरीच्या पाण्याची तपासणी, डासांच्या अळ्यांचा शोध, बालकांच्या वजनाच्या नोंदी अशी कामे तिला जोडली, तर?

शिक्षकांनो, हा प्रश्न वर्गात जरूर चर्चेला घ्या. आणि मित्रहो, तुम्ही आजच आरंभ करा. घराभोवती साचलेले पाणी आठवडाभर रोज पाहा, अळ्या दिसतात का ते वहीत टिपा. तुमच्या उमेदवारीचे हे पहिले पान!