रोग जन्माने ठरतो काय?

कर्करोगाची दोन स्पष्टीकरणे आमच्या खारदांड्यात नेहमी ऐकू येतात. एक, 'मागच्या जन्मीचे भोग'. दुसरे, 'त्यांच्या घराण्यातच आहे'. पहिले धर्माचे, दुसरे विज्ञानाचा आव आणणारे. पण दोहोंचा अर्थ एकच : जे झाले ते जन्माने ठरले, माणसाच्या हाती काही नाही. कोळीवाड्यालगतच्या वस्तीत मी संध्याकाळी मुलांना विज्ञान शिकवतो. जन्माने ठरण्याची ही भाषा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. म्हणून ती रोगाच्या तोंडून आली तरी तपासून घ्यावी, असे मला वाटते. ह्या तपासणीत डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन फार उपयोगी पडते.

रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक. मुलीला शिकू देणारे घर. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. उंदरांमधील स्तनाचा कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

उंदरांचे काही वाण असे होते की त्यांतील बहुसंख्य माद्यांना हा रोग होई. साहजिकच 'रक्ताचा दोष' असे म्हटले गेले. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी अशा वाणाची पिल्ले जन्मताच दुसऱ्या, रोग क्वचित होणाऱ्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली. मोठेपणी त्यांच्यात रोगाचे प्रमाण फार घटले. रक्त तेच, दूध तेवढे बदलले! पुढे उलगडा झाला की दुधातून एक विषाणू जात होता. (माणसांत आईचे दूध असा रोग देत नाही, उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका काहीसा कमीच होतो.) विषाणू, हार्मोन आणि आनुवंशिकता यांची गाठ कशी पडते, हे रणदिवे यांनी शोधले. आनुवंशिकतेला वाटा आहे. पण निकाल ती एकटी देत नाही.

शरीरातील संरक्षक पेशी परका जंतू बहुधा ओळखतात. कर्कपेशी मात्र घरचीच, बिघडलेली. म्हणून ती पहारा चुकवते. तिला बिघडवणारी कारणे पुष्कळदा बाहेरची असतात. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच दाखवले की पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूचा, तर घट्ट धोतर नेसणाऱ्यांना कमरेच्या त्वचेचा कर्करोग होतो. सवय बदलली की रोगाची जागाही बदलते. आपल्या बायांच्या दातांवरची मशेरी ह्याच यादीत बसते.

रणदिवे पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या आणि मुंबईत परतून त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. त्याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ह्या काळ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढवण्यात आल्या. त्यासाठी तिची संमती घेतली नव्हती. ती एकतिसाव्या वर्षी वारली; पेशी आजही वाढताहेत. पोलिओच्या लसीच्या चाचणीत त्या कामी आल्या, पुढे त्यांच्यावर कंपन्यांनी पैसा केला. दलितांनी ही कथा परकी मानू नये.

कारण तो प्रश्न मुंबईतही उभा राहिला. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रिया सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासत. तपासलेल्या गटात ह्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे यश मोठे आहे. पण तुलनेसाठी निम्म्या स्त्रियांना ही तपासणी न देता केवळ आरोग्यशिक्षण दिले गेले, आणि त्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले. गरिबाचे शरीर ज्ञानासाठी लागते. मग त्या ज्ञानाचे पहिले फळ कोणाच्या पदरात पडायला हवे?

१९७३ साली रणदिवे यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिच्या दारापर्यंत आपल्या वस्तीतील मुलगी पोहोचेल, तेव्हा हा प्रश्न प्रयोगशाळेच्या आतून विचारला जाईल. तोवर कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी पालिकेच्या दवाखान्याकडे मागावी. आणि कोणत्याही कागदावर अंगठा उठण्यापूर्वी तो मराठीत मोठ्याने वाचायला लावावा.