गोचीड, गाय आणि गोठ्याची भिंत

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) गाईंचे दोन अगदी वेगळे नमुने पाहावयास मिळतात. पश्चिमेकडे अकोले तालुक्यातील डोंगराळ, मुसळधार पावसाच्या भागात काटक डांगी गाय आहे. तेथून प्रवरेच्या काठाने खाली संगमनेर, राहाता, राहुरीकडे आलो की गोठ्यागोठ्यांत संकरित गाई दिसू लागतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर या तीन जातींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार केली, ती याच जिल्ह्यात. संकरित गाईने दूध वाढले आणि त्या दुधाच्या पैशावर अनेक घरांतील मुलांचे शिक्षण झाले.

पण या गाईला एक दुखणे फार लवकर गाठते. शेतकरी त्याला 'गोचीड ताप' म्हणतात, शास्त्रीय नाव थायलेरियॉसिस. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो (गाईचे नेहमीचे तापमान १०१.५ अंशांच्या आसपास असते). खांद्यापुढची गाठ सुजते, दूध आटते, पापण्यांची आतली बाजू फिकी पडते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर गाय एक-दोन आठवड्यांत दगावू शकते. शेजारच्या देशी गाईच्या अंगावरही तशाच गोचिडी असतात, तिला मात्र सहसा काही होत नाही. असे का? आणि संकरित गाय वाचवायची तर नेमके काय करायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू या.

गोचिडीचा जीवनक्रम

गोचीड हा कीटक नव्हे, ती कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील आहे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला सहा पाय असतात. रक्त पिऊन त्याने कात टाकली की आठ पायांची अपरिपक्व अवस्था येते. तीही रक्त पिते, पुन्हा कात टाकते आणि प्रौढ होते. प्रौढ मादी रक्त पिऊन टम्म फुगते, जनावरावरून खाली पडते, हजारो अंडी घालते आणि मरते.

गोचीड ताप पसरविणारी आपल्याकडील मुख्य गोचीड म्हणजे हायलोमा. तिच्या पायांवर फिकट पट्टे असतात. एका जनावरावरच सारे आयुष्य काढणाऱ्या काही गोचिडींसारखी ती नाही. रक्त पिऊन झाले की ती खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटीत, दगडांच्या सांध्यांत लपते. तेथेच ती कात टाकते, अंडीही तेथेच घालते. म्हणजे जनावराच्या अंगावर आपल्याला दिसतो तो गोचिडींचा एक भाग, बाकीच्या भिंतीत असतात.

गोचीड रोग पसरविते, हे कळले १८९३ साली. अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुरांच्या 'टेक्सास ताप' या रोगाचे जंतू गोचिडीमार्फत जातात, हे प्रयोगाने सिद्ध केले. डासांमुळे हिवताप होतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखविले ते त्यानंतर, १८९७-९८ मध्ये. टेक्सास तापाचा परोपजीवी, बबेसिया, मादी गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. गोचीड तापाचा परोपजीवी थायलेरिया ॲन्युलाटा मात्र अंड्यांत जात नाही. त्यामुळे गोचिडीचे नवे पिल्लू निर्धोक असते. बाधित जनावराचे रक्त प्याल्यावरच त्याला लागण होते आणि कात टाकून ते पुढच्या जनावराला चावले, की ही लागण पुढे जाते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण उपायांची दिशा त्यावरूनच ठरते.

पांढऱ्या पेशीतला पाहुणा

गोचीड चावली, की तिच्या लाळेतून थायलेरिया गाईच्या शरीरात शिरतो आणि थेट रक्तातील पांढऱ्या पेशीत घुसतो. ही पेशी म्हणजे शरीराचा पहारेकरी. थायलेरिया तिला मारत नाही, उलट तिला सतत विभाजन करायला लावतो. पेशीचे दोन भाग होताना तो स्वतःही विभागला जातो आणि दोन्ही भागांत वाटून घेतला जातो. बाधित पेशी जवळपास कर्करोगाच्या पेशीसारखी वागू लागते. खांद्यापुढची गाठ सुजते ती याचमुळे. औषधाने परोपजीवी मारला की पेशीचे हे वेड थांबते. म्हणून कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांनाही थायलेरियाबद्दल कुतूहल आहे. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढच्या टप्प्यात परोपजीवी तांबड्या पेशींत शिरतो. त्या नष्ट होतात, गाईला रक्तक्षय होतो. गाय बरी झाली तरी थोडे परोपजीवी रक्तात टिकून राहतात. अशी गाय वरून धडधाकट दिसते, पण तिचे रक्त पिणाऱ्या प्रत्येक गोचिडीला ती लागण देऊ शकते. तिला 'वाहक' म्हणतात.

देशी आणि संकरित

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साहिवाल या देशी जातीची आणि होल्स्टीन जातीची वासरे यांना सारखीच लागण दिली गेली. होल्स्टीन वासरांना रोग तीव्र स्वरूपात झाला, साहिवाल वासरे तगली. थायलेरियासह शेकडो पिढ्या काढलेल्या जनावरांचे शरीर त्याच्याशी जुळवून घेते. युरोपातील थंड प्रदेशांतून आलेल्या रक्ताला ही सवय नाही.

संकरित गाय या दोहोंच्या मध्ये येते. पण ती तगली म्हणजे सारे ठीक आहे का? महाराष्ट्रात झालेल्या एका पाहणीने याचे उत्तर दिले आहे. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी राज्याच्या चार हवामान विभागांतून वरकरणी निरोगी अशा १०५२ जनावरांचे रक्त तपासले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोचिडींमार्फत येणारे परोपजीवी या 'निरोगी' जनावरांत सर्रास आढळले, कित्येकांत एकापेक्षा अधिक. आणि लागण असलेल्या संकरित जनावरांची अंगकाठी लागण नसलेल्यांपेक्षा खालावलेली होती. म्हणजे गाय मेली तरच नुकसान असे नाही. न दिसणारी लागणही तिला आतून पोखरत असते.

मेंढ्यांचे काय?

मेंढ्यांतही थायलेरिया आढळतो. थायलेरिया ओव्हिस ही जाती सौम्य, तर थायलेरिया लेस्टोकार्डी घातक. पण मेंढ्यांची राहणी वेगळी. पारनेर तालुक्यातील धनगर पावसाळा संपला की दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. रात्री कळप उघड्यावर, जाळीच्या वाघरीत बसतो. त्यामुळे भिंतीच्या भेगेचा प्रश्न येत नाही. मात्र मुक्काम बदलेल तशा गोचिडी बदलतात. म्हणून येथे रोज कळपावर नजर ठेवणे आणि लोकर कातरताना कान, काख व शेपटीखालची जागा तपासणे महत्त्वाचे.

औषध, लस आणि भिंत

गोचीड तापावर बुपारव्हाक्वोन हे औषध गुणकारी आहे. ते लवकर द्यावे लागते आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. ट्युनिशियात या औषधाला दाद न देणारे परोपजीवी आढळले आहेत, तेव्हा त्याचा बेसुमार वापर धोक्याचा.

लसही आहे. प्रयोगशाळेत बाधित पांढऱ्या पेशी दीर्घकाळ वाढवीत नेल्या, की त्यांतील परोपजीवी निस्तेज होतो. अशा जिवंत पेशी हीच लस. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. खेड्यापर्यंत ती पोहोचण्यातील मोठी अडचण हीच. शिवाय लस गाईला वाचविते, गोचिडीला मारीत नाही.

गोचीडनाशकाची फवारणी बहुतेक जण करतात, पण फक्त गाईच्या अंगावर. भिंतीतल्या गोचिडी तशाच राहतात आणि पंधरवड्यात गाय पुन्हा भरते. मग औषधाची मात्रा वाढविली जाते आणि त्याला न जुमानणाऱ्या गोचिडीच मागे उरतात. म्हणून आमचे म्हणणे असे, की पहिला खर्च भिंतीवर करावा. भेगा बुजवून गिलावा गुळगुळीत करावा, गव्हाणीचे सांधे भरावेत. उत्तर आफ्रिकेतील संशोधकही हाच उपाय सुचवितात. दुसरी गोष्ट, गोचिडी रोज काढाव्यात. परोपजीवी गोचिडीच्या लाळग्रंथीत तयार व्हायला ती चावल्यानंतर साधारण दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात ती निघाली तर लागण टळण्याची शक्यता बरीच असते. तिसरी गोष्ट, विकत आणलेल्या गाईचे रक्त तपासून घ्यावे, ती वाहक असू शकते.

शाळेत करता येईल असे

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना आपापल्या गोठ्याचा नकाशा काढायला सांगावे. भेगा, फटी, ओलसर कोपरे त्यात दाखवावेत. कोणत्या महिन्यात गोचिडी अधिक दिसतात याची वर्षभर नोंद ठेवावी. गोचीड चिमट्याने धरून साबणाच्या पाण्यात टाकावी, भिंगातून पाय मोजून अवस्था ओळखावी. उघड्या हाताने ती कधीही चिरडू नये. हायलोमा गोचिडीमुळे माणसालाही क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप होऊ शकतो आणि २०११ मध्ये गुजरातेत त्याने बळी घेतले आहेत.

अशी नोंद दहा गोठ्यांची झाली, तर ती गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. कोणत्या गोठ्याला गिलाव्याची गरज आधी आहे, हे त्या कागदावरूनच ठरविता येईल.