मेंदूचे विद्युत उद्दीपन आणि स्मृतिप्रशिक्षण

वाढत्या वयात स्मरणशक्ती, एकाग्रता आणि विचारशक्ती यांचा होणारा ऱ्हास मंदावण्यासाठी मेंदूचे सौम्य विद्युत उद्दीपन आणि स्मृतिप्रशिक्षण यांचा स्वतंत्र किंवा एकत्रित वापर करण्याविषयी संशोधन सुरू आहे. यात शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

कार्यपद्धती

टीडीसीएस या पद्धतीत डोक्याच्या त्वचेवर विद्युताग्रे ठेवून सामान्यतः १ ते २ मिलिअँपिअर इतका क्षीण एकदिश विद्युतप्रवाह सोडला जातो. हा प्रवाह चेतापेशींना थेट उद्दीपित करत नाही; त्यामुळे त्यांची उद्दीपनक्षमता काहीशी बदलते. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील मिखाएल निट्शे व वॉल्टर पाउलुस यांनी २००० साली हा परिणाम मोजून दाखवला. प्रवाह चालू असताना किंवा त्यानंतर लगेच सराव केल्यास शिकलेले अधिक टिकावे, अशी एकत्रित वापरामागील कल्पना आहे.

प्रमुख संशोधन

अमेरिकेतील 'अ‍ॅक्टिव्ह' या चाचणीत ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या २,८३२ व्यक्तींनी भाग घेतला. त्यात विद्युत उद्दीपन नव्हते. स्मृती, तर्क आणि आकलनाचा वेग यांचे प्रशिक्षण वेगवेगळ्या गटांना देण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तर्क व वेग यांतील लाभ दहा वर्षांनंतरही आढळला. स्मृतिप्रशिक्षणाचा लाभ मात्र टिकला नव्हता.

कॅनडातील टोरांटो येथील चाचणीत नैराश्यातून बरे झालेले, सौम्य बौद्धिक ऱ्हास असलेले किंवा दोन्ही असलेले ३७५ ज्येष्ठ नागरिक होते. एका गटाला टीडीसीएस व बौद्धिक प्रशिक्षण, तर दुसऱ्या गटाला दोन्हींचे केवळ आभासी रूप देण्यात आले. २०२४ च्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील ऱ्हास मंदावला. हा लाभ प्रामुख्याने नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्यांत दिसला.

मर्यादा

एखाद्या कार्याचा सराव केल्याने त्याच कार्यात प्रगती होते; ती दैनंदिन व्यवहारात उतरतेच असे नाही. कवटीची जाडी व मेंदूची रचना भिन्न असल्याने समान प्रवाहाचा परिणामही व्यक्तीनुसार बदलतो. टोरांटोच्या चाचणीत दोन्ही उपचार एकत्र दिल्यामुळे लाभातील प्रत्येकाचा वाटा वेगळा करता येत नाही.

सुरक्षितता

त्वचेला खाज, मुंग्या येणे व लालसरपणा हे टीडीसीएसचे सामान्य दुष्परिणाम आहेत. वैद्यकीय देखरेखीविना घरगुती उपकरणे वापरण्यातील धोक्यांविषयी संशोधकांनी २०१६ साली खुल्या पत्राद्वारे सावध केले होते.