कोशिकामृत्यु-नियंत्रक प्रथिने
शरीरातील निरुपयोगी, जीर्ण वा सदोष कोशिकांच्या (पेशींच्या) नियोजित मृत्यूला चालना देणाऱ्या किंवा तो रोखून धरणाऱ्या प्रथिनांचा समूह. अशा मृत्यूस ‘अ‍ॅपोप्टोसिस’ ही संज्ञा जॉन केर, अँड्र्यू वायली व अ‍ॅलिस्टर करी यांनी १९७२ मध्ये दिली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने वा पाकळ्या गळून पडणे असा आहे. इजेमुळे मरणारी कोशिका फुटते व आसपास दाह निर्माण होतो. नियोजित मृत्यूत मात्र ती आकसते, तिचे आवरणयुक्त तुकडे होतात व भक्षक कोशिका ते गिळून टाकतात.

या क्रियेचे एक प्रमुख नियंत्रण कलकणूंच्या (कोशिकेस ऊर्जा पुरविणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या) बाह्य पटलावर होते. बॅक्स व बॅक ही प्रथिने पटलास छिद्रे पाडतात. त्यांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते आणि कॅस्पेज ही प्रथिनभंजक एंझाइमे क्रियाशील होतात. बीसीएल-२ हे प्रथिन या छिद्रनिर्मितीस प्रतिबंध करते.

पुटकीय लसीकार्बुद या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत १४ व १८ या गुणसूत्रांच्या खंडांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे बीसीएल-२ चे जनुक प्रतिपिंड-जनुकाच्या सान्निध्यात येऊन प्रथिन अतिरिक्त प्रमाणात तयार होते. हे जनुक कोशिकांचे विभाजन वाढवीत नाही, तर त्यांना जिवंत ठेवते, असे डेव्हिड व्हॉक्स, सुझॅन कोरी व जेरी अ‍ॅडम्स यांनी १९८८ मध्ये मेलबर्न येथे दाखविले. कर्करोग हा केवळ अनिर्बंध वाढीचा नव्हे, तर टळलेल्या मृत्यूचाही परिणाम असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. कोशिकामृत्यूस प्रवृत्त करणारे पी-५३ हे प्रथिनही मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत सदोष आढळते.

फास या प्रथिनातील जन्मजात दोषामुळे अनावश्यक लसीका कोशिका नष्ट होत नाहीत. परिणामी लसीका ग्रंथी व प्लीहा वाढतात आणि शरीराच्या स्वतःच्याच रक्तकोशिकांवर हल्ला होऊ शकतो. याउलट मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास बाधित भागाच्या कडेच्या काही तंत्रिका कोशिका याच मार्गाने नाश पावतात.

बीसीएल-२ ला निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधास चिरकारी लसीका-कोशिकीय रक्तकर्करोगाच्या एका प्रकारासाठी २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यापूर्वीचे एक औषध बीसीएल-एक्सएल या संबंधित प्रथिनासही रोखत असे. बिंबाणूंचे आयुष्य त्यावर अवलंबून असल्याने त्यांची संख्या घटे. व्हेनेटोक्लॅक्समुळेही असंख्य कोशिका एकाच वेळी मेल्यास त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांस अपाय करतात. म्हणून या रोगात त्याची मात्रा आठवड्यागणिक वाढवीत नेतात.