बागोरचे टेकाड आणि इतिहासाच्या पायऱ्या

आधी शिकार, मग पशुपालन, मग शेती असा मानवी इतिहासाचा जिना आपण शाळेत शिकतो. राजस्थानातील बागोरचा पुरावा वाचताना मला या जिन्याविषयीच शंका येऊ लागते.

भीलवाडा जिल्ह्यात, बनासला मिळणाऱ्या कोठारी नदीच्या काठी 'महासती' नावाचे वाळूचे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी लॉरेन्स लेश्निक यांच्यासह १९६७ ते १९७० या काळात तेथे उत्खनन केले. सर्वांत खालच्या, सुमारे इ. स. पू. ५००० पासूनच्या थरात सूक्ष्मास्त्रांचा खच मिळाला. गारगोटी आणि चर्ट या दगडांची ही त्रिकोणी, चंद्रकोरी पाती, कित्येक नखाएवढीच. सुटे पाते फारसे कामाचे नाही. लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने चिकटवली की त्यांचा बाण होतो, सुरी होते. आणि एखादे तुटले तर तेवढेच बदलता येते.

याच थरात चितळ, सांबर, काळवीट यांच्या हाडांबरोबर शेळ्या-मेंढ्यांची हाडेही असल्याचे सांगितले गेले. शेळ्या-मेंढ्यांचे रानटी पूर्वज या मैदानातले नव्हेत. म्हणजे शिकारी माणसाने जनावरे पाळली होती, किंवा पाळणाऱ्यांशी त्याचा संबंध होता. काही अभ्यासकांना ही ओळख मान्य नाही, कारण शेळी-मेंढी आणि काळवीट यांच्या हाडांत, विशेषतः ती फुटलेली असली की, फरक करणे कठीण असते.

परंतु वरचा थर अधिक बोलका आहे. सुमारे इ. स. पू. २८०० नंतर तांब्याची बाणाग्रे येतात, मृतांशेजारी मातीची भांडी ठेवलेली दिसतात, तरीही सूक्ष्मास्त्रे घडवणे थांबत नाही. याच बनासच्या खोऱ्यात गिलूंदसारखी शेतकऱ्यांची मोठी वसाहत उभी राहिली. बागोरकरांना तांबे अशाच शेजाऱ्यांकडून मिळाले असावे. त्यांनी बाहेरून हवे ते घेतले आणि आपली रीत मात्र पूर्णपणे सोडली नाही.

माझ्या मते बागोरचे महत्त्व येथे आहे. शिकार, कळप आणि देवाणघेवाण ही एकाच कुटुंबाची ऋतुमानाप्रमाणे बदलणारी कामे असू शकतात. भटक्या समाजांना 'मागे राहिलेले' म्हणताना आपण आजही तोच जिना गृहीत धरतो. कोठारीकाठचे लोक हजारो वर्षे त्या जिन्याविना नीट जगले.