पोट फुगवलं, तर फुप्फुसं काय म्हणतात?

दिघीत आता बैठी घरं कमीच उरली. जिकडे बघावं तिकडे वर मजला चढवलेला. खालच्यांचं छत तीच वरच्यांची फरशी! तुमच्या अंगातही असंच दुमजली घर आहे बरं का. खाली पोट, वर छाती आणि मधला स्लॅब म्हणजे श्वासपटल. फक्त हा स्लॅब स्नायूचा. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुप्फुसांना फुगायला जागा मिळते.

आता समजा, कुणाचं अपेंडिक्स बिघडलं. डॉक्टर म्हणाले, ‘दुर्बिणीने काढू.’ म्हणजे बेंबीपाशी छोटंसं भोक आणि त्यातून कॅमेरा आत. पण आत आतड्यांची ही दाटी! दिसणार काय? म्हणून आधी पोटात गॅस भरतात. मोठ्या माणसाला दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा, लहान मुलांना कमी. 12 म्हणजे किती? स्ट्रॉमधून पाणी 16 सेंटिमीटर चढवायला लागतो तेवढाच!

पण तेवढ्याने स्लॅब वर ढकलला जातो. फुप्फुसांचा तळ दबतो, तिथले चिमुकले वायुकोश मिटू लागतात. त्यात अपेंडिक्ससाठी टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. मग आतडीही छातीकडेच सरकतात.

गॅस असतो कार्बन डायऑक्साइड. रक्त थांबवायला आत विजेचा चटका देतात, तेव्हा हा पेट घेत नाही. शिवाय रक्तात पटकन विरघळतो. आणि रक्तातून जातो कुठे? फुप्फुसांकडेच, बाहेर पडायला! बिचाऱ्यांना जागा कमी, काम जास्त. पेशंट झोपलेला असतो, त्याचा श्वास मशीन चालवतं. भूल देणारे डॉक्टर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर बघतात आणि तो वाढला की मशीनचे श्वास वाढवतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब राखतात. ऑपरेशनचे खरे पहारेकरी हेच, असं मला वाटतं.

पित्ताशयही असंच दुर्बिणीने काढतात. भारतात ते पहिल्यांदा काढलं डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी, 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. आणि गंमत ऐका. पोटात गॅस सोडायला अनेक डॉक्टर जी सुई वापरतात, ती हंगेरीच्या डॉ. वेरेश यांनी 1930च्या दशकात क्षयरोग्यांसाठी बनवली होती. छातीत हवा भरून आजारी फुप्फुस मुद्दाम दाबून ठेवायला!

ऑपरेशन संपलं की गॅस सोडून देतात. थोडा उरतोच आणि श्वासपटलाला डिवचतो. श्वासपटलाची नस निघते थेट मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारून. मेंदूची होते गफलत. म्हणून ऑपरेशन पोटाचं आणि पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, खांदा दुखतोय!’