साथीच्या काळात हृद्रोगोपचारांत पडलेला खंड : एक शब्दविचार

रोग हा पाहुण्यासारखा असतो, अशी आपल्या भाषेची समजूत दिसते. ताप येतो आणि उतरतो. साथ येते आणि ओसरते. हृदयविकाराच्या बाबतीतही आपण 'झटका आला' असेच म्हणतो, आणि रुग्ण घरी परतला की 'त्यातून निभावला' असे म्हणून तो विषय मिटवितो. वस्तुतः तेथे विषय संपत नाही, सुरू होतो. हृद्रोग्याची पुढील वर्षे मराठी व्याकरण ज्याला रीतिकाळ म्हणते त्या काळात जातात : तो गोळी घेत असतो, रक्त तपासून घेत असतो, दर काही आठवड्यांनी दाखवावयास जात असतो. या 'असतो'मध्ये खंड पडला म्हणजे काय होते, याचा अनुभव २०२० साली जगाला आला.

प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा विचार करावयाचा आहे. औषधयोजनेचा निर्णय वैद्यकशास्त्राचा आहे. त्यात भाषाभ्यासकाने ढवळाढवळ करू नये. परंतु कोणती सेवा चालू ठेवावयाची आणि कोणती थांबवावयाची, हे त्या काळात बऱ्याच अंशी शब्दांच्या आधारे ठरले. ते शब्द तपासणे हे मात्र आपले काम आहे.

अखंड उपचार म्हणजे काय

प्रथम दोन उदाहरणे घेऊ. आपल्या देशात संधिवातज्वरामुळे हृदयाच्या झडपा निकामी होण्याचा विकार अद्याप पुष्कळ आढळतो. लहानपणी घसा येतो, सांधे सुजतात, आणि काही वर्षांनी झडप आकसते किंवा गळू लागते. हा ज्वर पुन्हा उलटू नये म्हणून अशा मुलांना दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हे अंतर २१ दिवसांचे ठेवतात. मुलगा हिंडता-फिरता असतो. त्याला पाहून कोणी आजारी म्हणणार नाही. तरीही ते इंजेक्शन चुकले की त्याचे संरक्षण ओसरू लागते.

दुसरे उदाहरण धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाचे. या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्याला वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमरॉल ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. लोक तिला 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतात. रक्त पातळ होत नाही. गोठण्याची क्रिया मंदावते. ती किती मंदावली हे आय.एन.आर. नावाच्या तपासणीने कळते. तो आकडा सामान्यतः २ ते ३.५ च्या दरम्यान, झडपेच्या प्रकारानुसार डॉक्टर सांगतील तेथे, राखावा लागतो. खाली गेला तर गुठळी होऊन झडप अडकण्याचे किंवा पक्षाघाताचे भय. वर गेला तर रक्तस्रावाचे. पालक-मेथीसारख्या पालेभाज्या कमीअधिक झाल्या, दुसरे एखादे औषध सुरू झाले, तरी हा आकडा हलतो. म्हणून तपासणी पुनःपुन्हा करावी लागते.

यांच्याच जोडीला स्टेंट बसविलेला रुग्ण आहे. त्याने गुठळीविरोधी गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंट अकस्मात बंद होण्याचा धोका असतो. हृदयाची शक्ती क्षीण झालेला रुग्ण आहे. त्याचे वजन दोनतीन दिवसांत दोन किलोने वाढले तर ते अंगात पाणी साठल्याचे लक्षण असते आणि औषधाचे प्रमाण तत्काळ बदलावे लागते. या साऱ्यांत समान सूत्र एकच : कोणत्याही एका दिवशी पाहिले तर त्यांची निकड दिसत नाही. ती आवर्तनात असते.

२०२० साली काय घडले

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची महासाथ जाहीर केली. महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबईतील प्लेगच्या निमित्ताने झाला होता, पुन्हा लागू केला. २० मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना निकडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना दिली. २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. पेनिसिलिनच्या दोन इंजेक्शनांमधील अंतर नेमके एवढेच, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. पुढे ती मुदत वाढतच गेली.

रुग्णालये व औषधांची दुकाने 'अत्यावश्यक सेवा' म्हणून उघडी होती, आणि आजारी माणसाला घराबाहेर पडण्याची मुभाही होती. परंतु रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या होत्या, एस.टी. बंद होती, मुंबईची लोकल सामान्य प्रवाशास मिळत नव्हती. कोकणातील किंवा मराठवाड्यातील रुग्णाचे डॉक्टर मुंबई-पुण्यास असत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच मुभेच्या बाहेर राहिला. सेवेला अत्यावश्यक म्हटले, वाटेला म्हटले नाही.

या खंडाचे परिणाम आकड्यांत दिसतात. इटलीतील ५४ हृद्रोग अतिदक्षता विभागांच्या पाहणीत १२ ते १९ मार्च २०२० या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेने ४८.४ टक्क्यांनी घटले. मात्र रोहिणी पूर्ण बंद पडून येणाऱ्या तीव्र झटक्यातील मृत्यूचे प्रमाण ४.१ वरून १३.७ टक्क्यांवर गेले. त्याच देशातील लोंबार्दी प्रांताच्या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडल्याच्या ३६२ घटना नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षी त्या २२९ होत्या. यांतील काही मृत्यू प्रत्यक्ष कोविडचे होते हे खरे. तथापि झटके कमी झाले नव्हते, दवाखान्यात येणारे कमी झाले होते, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

भारतातील १८७ रुग्णालयांच्या पाहणीतही हेच दिसले. २०१९ मध्ये ज्या काळात झटक्याचे २५,४१८ रुग्ण दाखल झाले, २०२० च्या त्याच काळात १६,४१४ झाले, म्हणजे ३५.४ टक्क्यांची घट. ही तातडीच्या आजाराची स्थिती. मग ज्यांची निकड डोळ्यांना दिसतच नाही अशा आवर्ती उपचारांचे काय झाले असेल, ते निराळे सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांची पाहणी केली; तेव्हा ५३ टक्के देशांत रक्तदाबाच्या उपचारांत अंशतः वा पूर्णतः खंड पडला होता. हृद्रोगाच्या तातडीच्या उपचारांबाबत हे प्रमाण ३१ टक्के होते. या दोन आकड्यांतील अंतर आपल्या विषयाचे मर्म सांगते : तातडीला जेवढे संरक्षण मिळाले तेवढे नित्याला मिळाले नाही.

चार शब्द

आता शब्दांकडे वळू. पहिला 'ऐच्छिक'. इंग्रजी 'इलेक्टिव्ह' या वैद्यकीय विशेषणाचे हे भाषांतर. मूळ शब्द निवड करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. वैद्यकात त्याचा अर्थ 'जिची वेळ आधी निवडता येते अशी' एवढाच आहे. मराठीत तो 'इच्छे'शी जोडला गेला. झडप बदलण्याची वाट पाहणाऱ्या रुग्णास आपली शस्त्रक्रिया ऐच्छिक म्हणून थांबविली असे कळले, तर ती केली काय आणि न केली काय सारखेच, असा त्याचा समज झाल्यास दोष त्याचा नव्हे. 'नियोजित' हा शब्द उपलब्ध होता व तो अधिक अचूक होता.

दुसरा 'सहव्याधी'. २०२० पूर्वी हा शब्द सामान्य वाचकाच्या वापरात क्वचितच असेल. त्या वर्षी तो रोजच्या मृत्युवार्तांतून घरोघर पोहोचला. हृद्रोग हा स्वतंत्र, उपचार मागणारा रोग न राहता दुसऱ्या रोगाचा धोका वाढविणारी पुस्ती बनला. त्यामुळे हृद्रोग्याला संदेश एकच मिळाला : तू घरात राहा. तपासणीस जा, हा संदेश त्याच्या मागे पडला.

तिसरा 'दम लागणे'. हृदय क्षीण झाल्याची तक्रार मराठी माणूस याच शब्दांत सांगतो, आणि कोविडची तक्रारही याच शब्दांत सांगितली गेली. एका शब्दाने दोन रोग सुचविले जाऊ लागले, तेव्हा विलगीकरणाच्या भयाने तो शब्द उच्चारण्याचेच टाळले जाऊ लागले. छातीतील कळेला 'पित्त' किंवा 'गॅस' म्हणण्याची सवय तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. साथीने तिला नवे कारण दिले.

चौथा शब्द मूळ औषधांच्या नावांतला. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या ज्या शरीरव्यवस्थेवर कार्य करतात, तिच्यातील 'एस-टू' हा घटक विषाणूच्या पेशीप्रवेशाचे द्वार आहे असे कळले. पहिल्या वर्गातील गोळ्यांना 'एस-रोधक' म्हणतात. नामसाम्यामुळे ही औषधे घातक असल्याचा तर्क पसरला. युरोपीय हृद्रोगतज्ज्ञ-संस्थेच्या रक्तदाब-परिषदेने १३ मार्च २०२० रोजीच त्या बंद करू नयेत असे सांगितले. पुढे ब्राझीलमधील ६५९ रुग्णांवरील प्रयोगात गोळ्या थांबवून काही लाभ होत नाही असे सिद्ध झाले. तोपर्यंत तर्क मात्र पुराव्याच्या पुढे धावत होता.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

शासन स्वस्थ बसले नव्हते. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. एप्रिलमध्ये रक्तदाब, मधुमेह इत्यादींच्या ज्ञात रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे आशा कार्यकर्त्या व उपकेंद्रांमार्फत देण्याची सूचना निघाली. हे दोन्ही उपाय योग्यच होते. परंतु गोळ्या तीन महिने साठविता येतात, आय.एन.आर. साठविता येत नाही. आणि दूरध्वनीवर डॉक्टरांच्या हाती स्टेथोस्कोप नसतो, केवळ रुग्णाचे शब्द असतात. तेथे 'दम लागतो का' एवढे विचारणे पुरेसे नाही. उताणे झोपल्यावर धाप लागते का, उशीवर उशी घ्यावी लागते का, सायंकाळी पायांवर सूज येते का, चप्पल घट्ट होते का, असे घरगुती मराठीतले प्रश्न हृदयाचा विकार फुफ्फुसाच्या विकारापासून वेगळा काढण्यास अधिक उपयोगी पडतात. अशी प्रश्नावली बोलीनिहाय तयार करणे हे भाषाभ्यासक व डॉक्टर यांनी मिळून करावयाचे काम आहे, आणि त्यासाठी पुढील साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.

याहून मूलभूत गोष्ट वर्गीकरणाची. 'तातडीचे' आणि 'पुढे ढकलता येण्याजोगे' या दोन कप्प्यांत उपचार विभागले की नित्याचा उपचार आपोआप दुसऱ्या कप्प्यात पडतो. कारण आजची भेट उद्यावर नेता येते, उद्याची परवावर. प्रत्येक ढकल एकेकटी निरुपद्रवी असते. त्यांची बेरीज निरुपद्रवी नसते. म्हणून तिसरा कप्पा हवा आणि त्याला नाव हवे. 'अखंड उपचार' हे नाव येथे सुचवावेसे वाटते. ज्या उपचाराचे आवर्तन ठराविक मुदतीपलीकडे लांबविता येत नाही तो अखंड उपचार, अशी त्याची व्याख्या करता येईल. संधिवातज्वराच्या मुलांचे इंजेक्शन, झडपेच्या रुग्णाची रक्ततपासणी, स्टेंटनंतरच्या गोळ्या, हृदयक्षीणतेच्या रुग्णाची देखरेख ही त्याची उघड उदाहरणे. अशा रुग्णांची यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आधीच असावी, त्यांच्या मुदती तीत लिहिलेल्या असाव्यात, आणि वाहतूक थांबविणाऱ्या आदेशातच त्यांच्या प्रवासाची किंवा त्यांच्यापर्यंत परिचारिका पोहोचविण्याची तरतूद असावी.

केवळ नाव दिल्याने रुग्ण वाचत नाही, हे मान्यच आहे. परंतु ज्याला नाव नाही ते आदेशात लिहिता येत नाही, आणि जे आदेशात लिहिलेले नाही ते साथीच्या धामधुमीत कोणाच्याही जबाबदारीचे राहत नाही.